बचत गटाच्या वहीवरून ॲप: चौघांच्या बीई प्रोजेक्टचं वर्ष, आणि एक प्रश्न

वेळवंडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमचं बीई कॉम्प्युटरचं शेवटचं वर्ष मागच्या आठवड्यात तोंडी परीक्षेनं संपलं. आम्ही चौघांनी मिळून महिला बचत गटाच्या मासिक बैठकीसाठी अँड्रॉइड ॲप केलं. "प्रोजेक्टला विषय सुचवा" असे धागे इथे दरवर्षी निघतात, आणि त्यातल्या उत्तरांचा मला दुसऱ्या वर्षापासून उपयोग झाला आहे. म्हणून आमचं वर्ष कसं गेलं ते सविस्तर लिहिते. शेवटी एक प्रश्न आहे. त्यावर खरंच सल्ला हवा आहे.

विषय ठरला तो भोर तालुक्यातल्या आमच्या घरच्या ओसरीवर. आई गावातल्या गटात २०१४ पासून आहे. बारा जणी, दरमहा १०० रुपये बचत, १० तारखेला दुपारी समाजमंदिरात बैठक. गटाची लिपिका आमच्याच आळीतली, मी तिला काकी म्हणते. बैठक उरकली की काकी रोकड वही, बचत खातेवही, कर्ज खातेवही आणि बारा जणींची पासबुकं घेऊन आमच्या ओसरीवर बसते आणि एकच आकडा चार ठिकाणी उतरवते. बेरजेत १० रुपयांचा फरक निघाला तरी दिवेलागणीपर्यंत उठत नाही. हे चार वेळा लिहिणं फोननं वाचवता येईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही फिग्मात (स्क्रीनचे आराखडे काढायचं साधन) १८ स्क्रीन काढल्या. लॉगिन, ओटीपी, डॅशबोर्ड, बचतीचा गोल आलेख, प्रत्येक सभासदाचा फोटो. पहिल्या रिव्ह्यूला (कॉलेजच्या आढाव्याला) कौतुक झालं. त्या १८ पैकी आज ॲपमध्ये एकच उरली आहे, सभासदांच्या यादीची.

सप्टेंबरच्या बैठकीला आम्ही चौघं पहिल्यांदा पूर्ण वेळ बसलो. बायका सतरंजीवर गोल बसतात. प्रार्थना, हजेरी, मागच्या ठरावांचं वाचन, मग पैसे. जिची पाळी ती पैसे सतरंजीच्या मध्यावर ठेवते. अध्यक्षबाई नोटा मोजतात, काकी नाव आणि आकडा मोठ्यानं वाचते, वहीत लिहिते आणि समोरची सही किंवा अंगठा घेते. बाकी अकरा जणी ऐकत असतात. कुणाचा आकडा चुकला तर तिसरीच कुणीतरी म्हणते, "अगं, तिनं मागच्या महिन्यात दंड भरलाय." गटाचं ऑडिट ते हेच. आणि आमच्या ॲपमध्ये सगळे आकडे फक्त फोन हातात धरणारीला दिसत होते!

त्या संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही स्क्रीन पुन्हा काढल्या, या वेळी कागदावर. डॅशबोर्ड गेला. ॲप उघडलं की थेट आजची बैठक, आणि कामं बैठकीच्याच क्रमानं: हजेरी, बचत, हप्ता आणि व्याज, दंड, नवीन कर्ज, हातातली शिल्लक. नावावर बोट ठेवलं की पूर्ण रुंदीचं, मोठ्या अक्षरातलं एकच वाक्य येतं, मोठ्यानं वाचता येईल असं: "क्रमांक ७, बचत १००, हप्ता ५००, व्याज ९०, एकूण ६९०." ते वाचून झाल्यावरच "जमा"चं बटण दाबता येतं.

हा ९० आकडा मुद्दाम लिहिला आहे. क्रमांक ७ च्या मावशींनी ५,००० रुपये कर्ज घेतलं होतं, महिना शेकडा २ नं, मुद्दल दरमहा ५००. पहिल्या महिन्याचं व्याज १००, ते बरोबर आलं. दुसऱ्या महिन्यात काकीनं वहीत एकूण ६९० लिहिले आणि ॲप म्हणालं ७००. मावशी फोनकडे बघून म्हणाल्या, "पाचशे फेडलेत ना मी? मग फेडलेल्या पैशाचं व्याज कशाला लावतेस, बाई?" आम्ही व्याज मूळ रकमेवर धरलं होतं. गट ते उरलेल्या मुद्दलावर धरतो. दहा हप्त्यांचं व्याज गटाच्या हिशोबानं ५५० होतं, आमच्या हिशोबानं १,०००. म्हणजे त्या मावशींकडून ४५० रुपये जास्त घेतले गेले असते, आणि ॲप सांगतंय म्हणून कदाचित कुणी विचारलंही नसतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. कोड सगळा बरोबर चालत होता, एकही टेस्ट फेल नव्हती. चूक आम्ही न विचारलेल्या प्रश्नात होती.

तिसऱ्या महिन्याला त्याच मावशींचे ६८० व्हायचे होते. त्यांनी ७०० दिले, सुटे २० कुणाकडेच नव्हते. काकीनं वहीच्या समासात पेन्सिलीनं "२० देणे" असं लिहिलं, नोटा डब्यात टाकल्या आणि पुढच्या नावावर गेली. पुढच्या बैठकीत ते २० वळते केले आणि पेन्सिलीचं खोडलं. आमच्या डेटाबेसमध्ये या पेन्सिलीला जागाच नव्हती. आम्ही "शेरा" नावाचा रकाना केला. तो पुढच्या बैठकीत त्या नावाशेजारी आपोआप वर येतो आणि "मिटला" म्हटल्याशिवाय जात नाही. अख्ख्या ॲपमधली काकीची आवडती गोष्ट हीच आहे.

आता टीमबद्दल. आम्ही कामं वाटली ती सगळे वाटतात तशीच: एक जण स्क्रीन करणार, एक जण डेटाबेस, एक जण सर्व्हर, मी रिपोर्ट आणि टेस्टिंग. दोन महिने सगळे आपापल्या कोपऱ्यात कामाला. डिसेंबरच्या रिव्ह्यूच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत चारही तुकडे जोडायला घेतले आणि काहीच कशाला बसेना. स्क्रीनमध्ये "सभासद क्रमांक" आकडा होता, डेटाबेसमध्ये मजकूर. कर्जाची तारीख एकाकडे दिवसानं सुरू होत होती, दुसऱ्याकडे वर्षानं. आणि गिटहब (सगळ्यांचा कोड एकत्र ठेवायची जागा) असूनही खरा कोड व्हॉट्सॲपवर झिप करून फिरत होता. पहाटे चारला एकमेकांवर आवाज चढले. रिव्ह्यूला आम्ही नुसत्या स्क्रीन दाखवल्या, आतलं काही चालत नव्हतं.

जानेवारीत वाटणी मोडली. आता एकेकानं बैठकीचं एकेक काम घेतलं, तळापासून वरपर्यंत. एकाकडे हजेरी, एकाकडे बचत, माझ्याकडे कर्ज, चौथ्याकडे महिन्याचा अहवाल. स्क्रीनही त्याचीच, डेटाबेसमधलं टेबलही त्याचंच. दुसऱ्यानं वाचल्याशिवाय कोड मुख्य शाखेत जायचा नाही. सुरुवातीला वेग निम्म्यावर आला, कारण मला स्क्रीन करता येत नव्हती आणि स्क्रीनवाल्याला एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) येत नव्हतं. पण फेब्रुवारीत एक जण आजारी पडून तीन आठवडे घरी गेला आणि काम अडलं नाही. त्याचा कोड मी वाचलेला होता. वर्षभरात टीम म्हणून आमच्यात झालेला सगळ्यात चांगला बदल हाच, असं मला मनापासून वाटतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात: ॲप फ्लटरमध्ये केलं, फोनमधला डेटाबेस एसक्यूलाइट, आणि रेंज मिळाली की फायरबेसवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन साठ्यात, प्रत. समाजमंदिरात रेंज येत नाही, त्यामुळे सगळं काही नेटशिवाय चालायलाच हवं होतं. पैसे दशांशात ठेवत नाही, पूर्णांकात ठेवतो. आणि एकदा जमा केलेली नोंद पुसता येत नाही. चुकली तर उलट नोंद करायची. काकीही वहीत खाडाखोड करत नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहिते आणि सही घेते.

आता प्रश्न. मार्चपासून गट वही आणि ॲप दोन्ही वापरतोय. तीन महिन्यांत दोन्हींच्या बेरजा तंतोतंत जुळल्या. गावातल्या आणखी तीन गटांनी ॲप मागितलं आहे. पण आम्ही चौघं जुलैत चार दिशांना जाणार. परवा काकीनं विचारलं, "तुम्ही नोकरीला लागल्यावर हे बिघडलं तर मी कुणाला फोन करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीच्या तीन गटांना ॲप द्यावं का? आणि या गटाची सोय कशी लावावी?

---

दगडी_पाटा

वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात १६ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि दरवर्षी कॅम्पसच्या मुलाखती घेतो. उलट नोंदीचा निर्णय तुम्ही वहीकडून शिकलात, हे ऐकून विशेष आनंद झाला.

तुमच्या प्रश्नावर थेट येतो. तीन गट नंतर, आधी एक गोष्ट आजच तपासा. तुम्ही एपीके (ॲपची फाइल) थेट फोनवर टाकली आहे असं दिसतंय. ती ज्या कीस्टोअर फाइलनं साइन केली, म्हणजे जिच्यातून ॲपवर तुमची डिजिटल सही होते, ती फाइल आणि तिचा पासवर्ड कुठे आहे? ती हरवली तर तुम्ही केलेली कुठलीही पुढची सुधारणा त्या फोनवर चढणार नाही. अँड्रॉइड सही जुळत नाही म्हणून नाकारेल. मग जुनं ॲप काढून नवं टाकावं लागेल, आणि जुनं ॲप काढलं की त्याच्यासोबत फोनमधला डेटाही जातो. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल नेहमी एकाच कुणाच्या तरी लॅपटॉपवर असते.

दुसरं म्हणजे फायरबेस कुणाच्या जीमेलवर आहे? पैशाची काळजी नको. फायरबेसमधला डेटाबेस, फायरस्टोअर, रोज ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं मोफत देतं. बारा जणींची महिन्यातून एक बैठक त्या मर्यादेच्या जवळपासही जाणार नाही. पण खातं ज्याचं, डेटा त्याच्या हाती.

---

वेळवंडीकाठ

दादा, तुमचं वाचून लगेच फोन फिरवले. कीस्टोअर आमच्या एका मित्राच्या लॅपटॉपवर होती, डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये. तो शनिवारी लॅपटॉप फॉरमॅट करून धाकट्या भावाला देणार होता. तोंडचं पाणी पळालं. आता तिच्या प्रती तीन ठिकाणी आहेत आणि पासवर्ड कागदावर लिहून काकीच्या वहीच्या पिशवीत ठेवला आहे. फायरबेस माझ्या जीमेलवर आहे. त्यावर काय करावं, सुचत नाही.

तुमचे मनापासून आभार. हा धागा काढला नसता तर शनिवारी सगळं गेलं असतं.

---

तिसरं_वर्ष_मेक

ताई, आम्ही मेकॅनिकलचे असून मिनी प्रोजेक्टला ॲप करतोय. फ्लटर घ्यावं की कोटलिन? आणि प्ले स्टोअरवर का नाही टाकलं?

---

वेळवंडीकाठ

@तिसरं_वर्ष_मेक, टीममधल्या दोघांना जे येतं ते घ्या. आमच्यात दोघांना डार्ट (फ्लटरची भाषा) येत होतं म्हणून फ्लटर. फक्त मराठीत ॲप करणार असाल तर दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या, आमचे त्यात खूप दिवस गेले.

पहिली म्हणजे आकडे. काकीच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, ती रकान्यात १०० असं देवनागरीत टाकायची आणि ॲप बंद पडायचं. डार्टमधलं int.parse देवनागरी अंक ओळखत नाही, एरर देतं. जावा आणि कोटलिनमधलं ओळखतं. आम्ही आधी अंक बदलून घेणारं छोटं फंक्शन लिहिलं, पण ते सुचेपर्यंत चार दिवस आम्ही डेटाबेसमध्ये चूक शोधत होतो. आणि स्क्रीनवर बारीक फॉन्टमध्ये १ आणि ९ उन्हात सारखेच दिसतात. आकड्यांचा फॉन्ट मोठा आणि ठळक ठेवा.

दुसरी म्हणजे ओळीची उंची. बटणावर "कर्ज" लिहिलं होतं, काकीच्या फोनवर ते "कज" दिसत होतं. वरचा रफार कापला जात होता. इंग्रजीच्या मापानं ओळ घट्ट ठेवली की रफार, वेलांटी, उकार सगळ्यांवर गदा येते. आमच्या लॅपटॉपच्या इम्युलेटरवर (फोनची नक्कल करणारा प्रोग्राम) हे कधी दिसलंच नाही. काकीचा फोन २ जीबी रॅमचा आहे, आणि सकाळी तो तिच्या मुलाकडे असतो. चाचणी त्याच फोनवर करायला हवी होती.

साइझही बघा. आमची पहिली एपीके ५४ एमबी झाली होती. फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ भरलेले, जागाच नाही. प्रोसेसरप्रमाणे वेगळी एपीके बनवायचा पर्याय फ्लटरमध्ये आहे, त्यानं १९ वर आली.

प्ले स्टोअरचं खातं २५ डॉलर एकदाच भरून मिळतं, ते आम्ही काढलं. पण नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी बंद चाचणी करावी लागते. ॲप वापरून बघणारे निदान १२ जण सलग १४ दिवस जोडलेले हवेत, मगच ॲप सगळ्यांसाठी खुलं करायची परवानगी मागता येते. आधी हा आकडा २० होता, डिसेंबर २०२४ मध्ये १२ केला. आम्हाला हे एप्रिलमध्ये कळलं, सबमिशनच्या तोंडावर. तुम्ही पहिल्याच महिन्यात खातं उघडा.

---

गावसखी

मी शेजारच्या तालुक्यात उमेदची (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची) सीआरपी, म्हणजे बचत गटांना मदत करणारी कार्यकर्ती म्हणून काम करते. तुझी पोस्ट दोनदा वाचली, बाळा. सतरंजीवरचं वर्णन वाचून माझ्याच बैठका डोळ्यांसमोर आल्या.

दोन गोष्टी विचारते, राग मानू नकोस. गटांची माहिती आणि व्यवहार भरायला आमच्याकडे सरकारचं लोकओएस ॲप आहे. त्याआधी नाबार्डनं (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) २०१५ मध्ये गटांच्या नोंदी डिजिटल करायला ई-शक्ती सुरू केलं होतं. मग गटानं आणखी एक ॲप का वापरावं? लिपिकेला दोनदा भरायचं काम होणार नाही ना?

आणि वहीचं काय? गटाची पंचसूत्री आम्ही पहिल्या प्रशिक्षणात पाठ करून घेतो: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशोब लेखन. पाचवं सूत्र वहीचं आहे. बँकेत कर्जाला गेलो की साहेब आधी वह्या मागतात. त्यावर सह्या-अंगठे लागतात. १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग केला, तेव्हापासून वही हीच गटाची पत आहे. ॲप आलं म्हणून काही गटांनी वही लिहायची सोडली, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे फोन बिघडला आणि बायकांत भांडणं लागली. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

---

वेळवंडीकाठ

ताई, राग कसला, हेच विचारायला हवं होतं.

लोकओएसमध्ये आमच्या गटाची माहिती तुमच्यासारख्याच सीआरपी ताई भरतात. ती माहिती वर जाते, ते गरजेचंच आहे. आमचं ॲप बैठकीतल्या हिशोबापुरतं आहे, फायरबेसवरची प्रत सोडली तर ते कुठेही काही पाठवत नाही. काकी तीच बेरीज चार वेळा करायची, ती आता एकदाच होते. महिन्याचा अहवाल वहीच्याच रकान्यांच्या क्रमानं निघतो, म्हणजे काकी तो बघून खातेवही आणि पासबुकं उतरवून काढते. सीआरपी ताईसुद्धा त्याच कागदावरून भरतात. आधी ओसरीवर अंधार व्हायचा, आता काकी चारच्या चहाला मोकळी असते.

वही मात्र सोडलेली नाही. सह्या वहीतच होतात. बैठकीत आधी वही, मग ॲप, हा क्रम काकीनंच लावला आणि आम्ही तो ॲपमध्ये घातला: "वहीत लिहिलं का?" याला हो म्हटल्याशिवाय बैठक बंद होत नाही. पण तुम्ही त्या दोघींचं लिहिलंत ते वाचून पोटात कालवलं. तीन नव्या गटांना देण्याआधी आम्हाला हेच नीट समजावून सांगावं लागेल.

---

खडू_आणि_फळा

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, दरवर्षी चार-पाच गटांचा गाईड असतो. आमच्या बाजूनं दोन शब्द.

तुमचं कौतुक आहेच, पण असं काम सहज होत नाही याला आमची पद्धतही जबाबदार आहे. सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) जुलै-ऑगस्टमध्ये मागतात. त्यात आर्किटेक्चरची आकृती, अल्गोरिदम, दहा संदर्भ हवे असतात. म्हणजे वापरणाऱ्या माणसाला भेटण्याआधी सगळं ठरलेलं असायला हवं. माझ्या एका गटानं मागच्या वर्षी भाजी मंडईतल्या हमालांसाठी ॲप करायचं ठरवलं होतं. एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) विचारलं, "यात मशीन लर्निंग कुठे आहे?" मुलांनी पुढच्या आठवड्यात विषयच बदलला. मला ते थांबवता आलं नाही, त्याची खंत आहे.

तेव्हापासून मी एवढंच करतो. पहिल्या रिव्ह्यूला स्क्रीन बघत नाही. ज्यांच्यासाठी करताय त्यांच्या शेजारी किती तास बसलात आणि तिथे काय दिसलं, ते लॉगबुकात लिहून आणायला सांगतो. पाच माणसंही पुरतात. वापरसुलभतेच्या चाचणीत पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात, हे जेकब नील्सन यांनी २००० मध्येच मांडलं होतं. शंभर जणांच्या गूगल फॉर्मपेक्षा तुमच्या क्रमांक ७ च्या मावशींचं एक वाक्य मोलाचं ठरलं, ते याचमुळे.

हस्तांतरणाबद्दल एक सुचवतो. तिसऱ्या वर्षाची मुलं आत्ता विषय शोधत असतील. त्यांना तुमचं ॲप नुसतं देऊ नका. जूनच्या बैठकीला सोबत न्या. कोड तर वाचूनही समजेल, काकीची ओळख मात्र तुम्हीच करून द्यायला हवी. आणि कॉलेजला "नवा विषय" लागतोच, तर एकाहून जास्त गट आणि ग्रामसंघाचा (गावातल्या गटांच्या संघाचा) एकत्र अहवाल हा त्यांचा विषय होऊ शकतो. पाया तुमचा, काम त्यांचं.

---

काळा_कोट

एक कायद्याची बाजू. सभासदांची कोणती माहिती साठवता? पोस्टमध्ये फोटोचा उल्लेख आहे. आधार क्रमांक आहे का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी. बैठकीच्या हिशोबाला आधार लागत नाही. जी माहिती तुमच्याकडे नाही ती तुमच्याकडून फुटणार नाही. मुलांनी इथे जपून राहावं, उद्या काही झालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

---

वेळवंडीकाठ

सर, आधारचा रकाना होता. गटाच्या नोंदणी अर्जावर होता म्हणून आम्ही विचार न करता तसाच उचलला. पाच जणींचे आकडे भरलेलेही होते. काल रात्री आम्ही चौघं ऑनलाइन बसलो, रकाना काढला आणि फायरबेसवरचाही डेटा पुसला. फोटो आधीच गेले होते. आता नाव, गटातला क्रमांक आणि व्यवहार, एवढंच आहे. फोन नंबरही फक्त काकी आणि अध्यक्षबाईंचा.

---

दगडी_पाटा

उत्तम. आता मालकीचं बघा. गटाच्या नावानं एक गूगल खातं उघडा. पासवर्ड अध्यक्ष आणि लिपिका दोघींकडे राहील. फायरबेस प्रोजेक्टमध्ये त्या खात्याला मालक म्हणून जोडा, मग तुमचं नाव काढा. आणि दर बैठकीनंतर सगळ्या नोंदी साध्या एक्सेलच्या तक्त्यात निघतील असं एक बटण द्या. उद्या ॲप उघडलंच नाही तरी तो तक्ता कुठल्याही फोनवर, तालुक्याच्या सायबर कॅफेतही उघडेल.

तीन गटांचं माझं मत: पुढच्या मार्चअखेरपर्यंत थांबा. एका गटाचं आर्थिक वर्षाअखेरचं काम, म्हणजे व्याजवाटप, लाभांश, कुणी गट सोडला तर तिची बचत परत देणं, हे सगळं अजून ॲपनं केलेलं नाही. मार्चमध्ये सुरू केलंत म्हणता, म्हणजे पूर्ण वर्षाची मार्चअखेर ॲपवर अजून एकदाही काढलेली नाही.

---

गावसखी

दादा खरं बोलले. मार्चअखेरलाच गटाची खरी परीक्षा असते. एखादी सून होऊन दुसऱ्या गावी गेली, एखादी वारली, तिच्या वारसाला पैसे द्यायचे, हे सगळं तेव्हाच निघतं. बाळा, त्या वेळी मला बोलाव. मी माझ्या गटांच्या जुन्या वह्या घेऊन येते, त्यावर तुमचं ॲप चालवून बघू.

---

वेळवंडीकाठ

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांत झालं ते सांगते.

आम्ही चौघं रविवारी गावी गेलो. गटाच्या नावानं खातं उघडलं, पासवर्ड काकी आणि अध्यक्षबाईंनी आपापसात ठरवला, आम्हाला सांगितला नाही. तो आम्हाला कळू नये हेच बरोबर. फायरबेस आता त्या खात्याकडे आहे, माझं नाव काढलं. एक्सेलचं बटण झालं. काकीनं पहिला तक्ता तिच्या मुलाच्या फोनवर उघडून क्रमांक ७ ची ओळ शोधली आणि वहीशी बोटानं ताडून पाहिली. सात हप्ते झालेत, मुद्दल १,५०० बाकी. जुळलं.

तीन गटांना आम्ही सध्या नाही म्हणालो. कारण सांगितलं, मार्चअखेर एकदा होऊ द्या. एका गटाच्या अध्यक्षबाई थोड्या नाराज झाल्या. त्यांना आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला बसायला बोलावलं आहे.

तिसऱ्या वर्षाच्या दोघी तयार आहेत. खडू_आणि_फळा सरांनी सुचवल्याप्रमाणे त्यांना कोडची लिंक अजून दिलेली नाही. त्यांच्यापैकी एकीच्या आजोळीही गट आहे, तिला बैठक ठाऊक आहे. गावसखी ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. फेब्रुवारीत जुन्या वह्यांवर चाचणी करू. मी तेव्हा जिथे असेन तिथून सुट्टी टाकून येईन.

आणि काकीच्या प्रश्नाचं उत्तर: त्या दोघींचे नंबर आणि माझा नंबर कर्ज खातेवहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहिले आहेत. काकीनं ते पेन्सिलीनं लिहिले. म्हणाली, "पोरी बदलतील तसे बदलत राहू." पुढची बैठक १० तारखेला दुपारी दोनला आहे. आम्ही सहा जण जातोय.